‘सजगता’ आणि ‘स्वकाळजी’ : समुपदेशिकांच्या शिक्षणातील दोन संज्ञांची चिकित्सा

१

मानसोपचार व समुपदेशन यांचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींच्या कानांवर अलीकडे दोन इंग्रजी शब्द सतत पडतात. एक ‘माइंडफुलनेस’ आणि दुसरा ‘सेल्फ-केअर’. मराठीतून शिकविताना पहिल्यासाठी ‘सजगता’ व दुसऱ्यासाठी ‘स्वकाळजी’ हे प्रतिशब्द बहुधा योजले जातात. दुसऱ्याचे दुःख ऐकण्याचे काम पत्करणाऱ्या स्त्रीने स्वतःचे मन कसे राखावे, हा या दोन्ही शब्दांमागील प्रश्न आहे. प्रश्न खरा आहे, आणि म्हणूनच तो ज्या शब्दांत मांडला जातो त्या शब्दांची परीक्षा होणे अगत्याचे ठरते.

या प्रश्नाला स्वतंत्र नाव मिळाल्याला फार काळ लोटलेला नाही. सेवाकार्यात गढलेल्या माणसांच्या मनाची जी राख होते, तिला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये ‘बर्नआउट’ ही संज्ञा दिली. क्रिस्टिना मास्लाक व त्यांच्या सहकारिणीने १९८१ मध्ये तिचे मापन करणारी प्रश्नावली प्रसिद्ध केली. १९८३ मध्ये आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ विदुषीने विमानातील परिचारिकांचा अभ्यास करून असे दाखविले, की चेहऱ्यावरचे हसू व आवाजातील मार्दव हेदेखील श्रमच असतात, आणि हे श्रम मुख्यत्वे स्त्रियांच्या वाट्याला येतात. दुसऱ्याचे आघात ऐकता ऐकता ऐकणाऱ्याची करुणाच थकते, या अवस्थेची चर्चा चार्ल्स फिग्ली यांनी १९९५ मध्ये विस्ताराने केली. समुपदेशिकेला आत्मरक्षणाचे शिक्षण हवे, हा विचार या पार्श्वभूमीवर पुढे आला. त्याची आवश्यकता येथे गृहीतच धरली आहे. वाद आहे तो त्याच्या मराठी वेषाविषयी.

हा वाद भंडारा जिल्ह्याच्या संदर्भात तपासणे सोयीचे आहे. वैनगंगेच्या खोऱ्यातील या जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि सात तालुक्यांचा आजचा भंडारा उरला. येथील विद्यार्थिनीला एकाच विषयाच्या शिक्षणात भाषेचे तीन थर ओलांडावे लागतात. पाठ्यग्रंथ इंग्रजी असतो. वर्गातील विवेचन प्रमाण मराठीत चालते. पण घरी आणि पुढे समोर येऊन बसणाऱ्या माणसांच्या तोंडी झाडीबोली असते. काही ठिकाणी पोवारी, हलबी वा गोंडी असते. झाडीबोलीच्या अभ्यासाला साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी चालना दिली, आणि तिची वैशिष्ट्ये आता अभ्यासकांना परिचित आहेत. तीत प्रमाण मराठीतील ‘ण’ व ‘ळ’ टिकत नाहीत. ‘डोळा’ तेथे ‘डोरा’ होतो. परंतु ध्वनींतील हा भेद वरवरचा आहे. मनाची अवस्था सांगण्याच्या रीतीत बोली व प्रमाण मराठी यांचे अंतरंग एकच असून, परिभाषेतील मराठी त्या अंतरंगापासून दूर जाऊ लागली आहे.

२

‘माइंडफुलनेस’ हा शब्द मुळात पालीतील ‘सति’ या शब्दाचे भाषांतर आहे. टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ मध्ये बौद्ध सूत्रांच्या आपल्या इंग्रजी अनुवादात तो योजला आणि पुढे तोच रूढ झाला. पाली ‘सति’ म्हणजे संस्कृत ‘स्मृति’. तिच्या अर्थाचा गाभा आठवणीचा आहे. चालू क्षणी आपण काय करीत आहोत आणि कशासाठी करीत आहोत, याचे विस्मरण न होणे, असा तिचा आशय सांगता येतो. इंग्रजी शब्दाच्या पोटातही स्मरणाची छटा होतीच. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताणनिवारणाचा कार्यक्रम सुरू केला, आणि त्यानंतर हा शब्द रुग्णालयात, विद्यालयात व कचेरीत पोहोचला. या प्रवासात स्मरणाची छटा मागे पडली व वर्तमान क्षणाकडे लक्ष देण्याची छटा पुढे आली. मराठीने शब्द घेतला तो या शेवटच्या मुक्कामावर.

भंडाऱ्याच्या वाचकाला यातील विसंगती विशेष जाणवावी. याच जिल्ह्यातील पवनी येथे जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून उत्खनन केले आणि प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष प्रकाशात आणले. तेथील ब्राह्मी लिपीतले लेख प्राकृत भाषेत आहेत. पुढे १९५६ च्या नागपूर येथील धर्मांतरानंतर या भागातील असंख्य घरांत अष्टांगिक मार्गाची परिभाषा पुन्हा आली, आणि ‘सम्यक स्मृती’ हा शब्दप्रयोग वंदनेच्या व प्रवचनाच्या निमित्ताने कानांवर पडू लागला. म्हणजे जी कल्पना अमेरिकेतून नवी म्हणून आणली जाते, तिचे नाव पवनीच्या आसपासच्या वस्तीत आजही जिवंत आहे. वर्गात बसलेल्या विद्यार्थिनींपैकी काहींना ते घरून माहीत असते. मात्र घरचा शब्द व वर्गातला शब्द यांचा सांधा त्यांना सहसा कोणी जोडून देत नाही.

पालीतील मूळ शब्द मराठीने जसाच्या तसा का स्वीकारला नाही, याचे कारणही उद्बोधक आहे. ‘सति’ मराठीत येताच ‘सती’ होते, आणि मराठीतील ‘सती’ पतीच्या चितेवर स्वतःला जाळून घेणारी अथवा पतीसाठी सर्वस्व त्यागणारी स्त्री आहे. पालीत ज्या ध्वनींनी आत्मभान सांगितले, त्याच ध्वनींनी मराठीत स्त्रीचे आत्मविसर्जन सांगितले. व्युत्पत्तीच्या दृष्टीने हे दोन शब्द सर्वस्वी भिन्न आहेत. त्यांचे साम्य केवळ योगायोगाचे. तथापि समुपदेशिकेच्या शिक्षणाचा सारा पेच या योगायोगात सामावला आहे. तिने भानावर राहावे असे शास्त्र सांगते. तिने स्वतःला विसरून सेवा करावी असे संस्कार सांगतात. आणि पुष्कळदा एकच शिक्षक एकाच तासात दोन्ही सांगून जातो.

‘सजगता’ या प्रतिशब्दाने हा पेच सुटतो का? या शब्दाच्या बाजूने एक वजनदार पुरावा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात सम्यक स्मृतीचा अर्थ मनाची अखंड जागृती व विकारांवरील मनाचा पहारा, अशा दिशेने लावला आहे. तेव्हा जागेपणाचा अर्थ उपरा नाही. परंतु तेथे पहारा आहे तो स्वतःच्या विकारांवर. व्यवहारातील मराठीत ‘सजग’ माणूस बाहेर पाहतो. नागरिक सजग असतो, पहारेकरी सजग असतो, पालकांनी सजग राहावे असे सांगितले जाते. धोका बाहेर आहे आणि तो येण्यापूर्वी ओळखावयाचा आहे, ही या शब्दाची सहजवृत्ती आहे. जी स्त्री पहाटेपासून चुलीवरचे दूध, सासऱ्यांचे औषध, मुलाची शाळा आणि रोवणीच्या दिवसांत शेतावरची मजुरी यांकडे डोळे लावून असते, तिला ‘सजग राहा’ हे सांगणे म्हणजे तिच्या जागरणात आणखी एका प्रहराची भर घालणे होय. तिला सजगतेची उणीव नाही; उणीव आहे ती जागरण उतरवून ठेवण्याच्या मुभेची.

याहून सरस दोन शब्द मराठीत आहेत. पहिला ‘अवधान’. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाचा आरंभ श्रोत्यांकडे अवधान मागून होतो, आणि तेव्हापासून आजतागायत मराठीत अवधान ‘देतात’. ते दान आहे. त्याला घेणारा असतो. समुपदेशिकेने समोरच्या माणसाकडे द्यावयाचे लक्ष या शब्दाने नेमके सांगता येते. दुसरा शब्द ‘भान’. ‘भा’ म्हणजे प्रकाशणे, प्रतीत होणे या संस्कृत धातूपासून तो आला आहे. मराठीत भान ‘येते’, ‘राहते’, ‘सुटते’, ‘हरपते’. आणि ते ‘ठेवता’ही येते. पहिल्या चार क्रियापदांत मनुष्य कर्ता नसतो. अवस्था त्याच्या ठायी घडत असते. पाचव्यात तो कर्ता होतो. मनाच्या अवस्थेत काही आपल्या हाती असते व बरेचसे नसते, हे सत्य ‘भान’ या एका शब्दाच्या क्रियापदांनी सांभाळले आहे. ‘सजगता’ या भाववाचक नामाला अशी क्रियापदे लाभलेली नाहीत. तिचा ‘सराव’ करावा लागतो, ती ‘अंगी बाणवावी’ लागते. परिणामी ज्या दिवशी ती साधत नाही त्या दिवशी अपयश विद्यार्थिनीच्या पदरी पडते.

३

‘स्वकाळजी’ या शब्दाची अडचण अधिक खोल आहे. इंग्रजीतील ‘केअर’मध्ये चिंता व शुश्रूषा हे दोन्ही अर्थ आहेत, तसे ते मराठी ‘काळजी’तही आहेत. मात्र मराठीने त्यांची वाटणी क्रियापदांवर सोपविली आहे. काळजी ‘वाटते’, काळजी ‘लागते’. येथे अनुभवणारी व्यक्ती चतुर्थीत असते व काळजी आपण होऊन तिच्याकडे येते. काळजी ‘करणे’ म्हणजे चिंतेत मन घालणे. काळजी ‘वाहणे’ म्हणजे तिचे ओझे खांद्यावर घेणे. काळजी ‘घेणे’ एवढाच प्रयोग शुश्रूषेचा आहे. मराठी भाषकाला हा भेद कोणी शिकवीत नाही. ‘काळजी करू नकोस, काळजी घे’ हे एका दमात बोलताना त्याला विरोधाभास जाणवत नाही. जुन्या पत्रलेखनात तर हा भेद रूढीनेच जपलेला होता. पत्राच्या आरंभी ‘काळजी नसावी’ असे लिहीत आणि शेवटी ‘प्रकृतीस जपावे’ असे लिहीत.

समास होताना क्रियापद गळते. ‘स्वकाळजी’ या सामासिक शब्दात काळजी घ्यावयाची, करावयाची, की वाहावयाची, हे सांगणारे काहीच उरत नाही. प्रमाण भाषेत मुरलेल्या वाचकाला संदर्भाने अर्थ लागेल. पण ज्या घरात काळजी हा शब्द प्रामुख्याने ‘लागण्या’साठीच येतो, पीक उभे आहे त्याची, पोरगी उजवायची आहे तिची, तेथे ‘स्वकाळजी’ म्हणजे स्वतःविषयीची चिंता, असाच पहिला अर्थ मनात उभा राहतो. समुपदेशिकेने हा शब्द पुढे समोरच्या बाईपाशी वापरला, तर घोटाळा दुणावतो. आधीच काळजीने झोप उडालेल्या स्त्रीला आणखी एका काळजीचा उपदेश होतो.

दुसरी अडचण ‘स्व’ या पूर्वपदाची. ‘स्वावलंबन’, ‘स्वाभिमान’, ‘स्वार्थ’ या शब्दांत ‘स्व’ एकटा आहे. त्याच्या भोवती रेघ ओढलेली आहे. बोलण्याच्या मराठीत मात्र स्वतःकडे निर्देश करणारा खरा शब्द ‘आपण’ हा आहे, आणि त्याच्या अर्थांची व्याप्ती पाहण्यासारखी आहे. तो आत्मवाचक आहे. ऐकणाऱ्यासह बोलणारा, म्हणजे ‘तू आणि मी’, असा समावेशक बहुवचनीही आहे. शिवाय आदरार्थी द्वितीय पुरुषही आहे. ‘आपली प्रकृती आपण सांभाळावी’ या वाक्यात तिन्ही अर्थांना वाव राहतो. स्वतः, समोरचा आणि दोघे मिळून, यांना एकच सर्वनाम पुरविणाऱ्या भाषेत ‘स्व’चा काटेकोर समास करून स्त्रीला तिच्या संरक्षणाच्या कामी एकटी पाडणे, ही भाषेच्या प्रवृत्तीशी विसंगत गोष्ट आहे.

या जागी ‘जपणे’ हे क्रियापद अधिक उपयोगी पडेल. ‘जिवाला जप’, ‘जपून जा’, ‘हाताला जप’ ही वाक्ये आज्ञार्थी आहेत हे लक्षात घेतले पाहिजे. ती दुसऱ्याकडून येतात. सासरी निघालेल्या मुलीला आई सांगते, गावाला निघालेल्याला शेजारीण सांगते. स्वतःला जपण्याचे शिक्षण मराठीत एरवी दुसऱ्याच्या तोंडूनच मिळते, म्हणजे स्वतःला जपण्यासाठी आपल्याला जपणारे कोणी तरी असावे लागते, हे या वाक्प्रचारांचे गृहीत आहे.

येथे एका आक्षेपाची दखल घेणे न्याय्य होईल. ‘जपणे’ व ‘भान’ हे दोन्ही शब्द स्त्रियांच्या संदर्भात निर्दोष राहिलेले नाहीत. अब्रू ‘जपावी’ लागते ती मुलीलाच, आणि ‘भान ठेव’ हे वाक्य समजुतीपेक्षा दटावणीसाठीच अधिक वेळा उच्चारले जाते. देशी शब्द घेतला की त्याबरोबर देशी दडपणही येते, तेव्हा परका, कोरा शब्द बरा, असे या आक्षेपाचे सार आहे. त्यात तथ्य आहे. तथापि कोरा शब्द फार दिवस कोरा राहत नाही. ज्या समाजात तो वापरला जातो त्या समाजाचे दडपण त्यावरही चढते, आणि ‘सजगते’च्या बाबतीत ते चढू लागल्याचे वर दिसून आलेच आहे. उलट देशी शब्दाचे दडपण विद्यार्थिनीला स्वानुभवाने ठाऊक असते, म्हणून वर्गात त्याची चिकित्सा करता येते. ‘भान ठेव असे तुला कोणी, केव्हा, कशासाठी सांगितले?’ हा प्रश्न प्रशिक्षणातील एका संपूर्ण तासाचा विषय होऊ शकतो. ‘सजगता’ या शब्दाला असा पूर्वेतिहास विचारता येत नाही.

४

शब्दांची ही चर्चा केवळ शब्दांपुरती नाही, हे बौद्ध वाङ्मयातीलच एका दृष्टान्तावरून स्पष्ट होईल. संयुत्त निकायात स्मृतिप्रस्थानांच्या विवेचनात बांबूवर कसरत करणाऱ्या डोंबाऱ्याची व त्याच्या शिष्याची कथा आली आहे. गुरू शिष्याला म्हणतो, की तू मला सांभाळ, मी तुला सांभाळीन, म्हणजे खेळ नीट पार पडेल. शिष्य त्याला दुरुस्त करतो. प्रत्येकाने स्वतःला सांभाळावे, तरच दोघे सुखरूप खाली उतरतील, असे त्याचे म्हणणे. बुद्ध शिष्याचा पक्ष योग्य ठरवितात. आजच्या ‘सेल्फ-केअर’च्या पुरस्कर्त्यांना ही कथा येथेच संपलेली आवडेल, पण ती येथे संपत नाही. बुद्ध पुढे असे सांगतात, की स्वतःचे रक्षण करणारा दुसऱ्याचे रक्षण करतो आणि दुसऱ्याचे रक्षण करणारा स्वतःचेही करतो. त्यातील पहिले स्मृतीच्या अभ्यासाने घडते, दुसरे क्षमा, अहिंसा, मैत्री व अनुकंपा यांनी. दोन्ही वाक्यांचे वजन सारखे आहे. विशेष म्हणजे त्या शिष्याचे ‘मेदकथालिका’ हे नाव व्याकरणाने स्त्रीलिंगी आहे, आणि अट्ठकथेलाही त्याची नोंद घ्यावीशी वाटली. बांबूच्या टोकावर तोल सांभाळणाऱ्या या शिष्यात समुपदेशनाच्या विद्यार्थिनीला आपली स्थिती ओळखता यावी.

या कथेत एक गोष्ट उघड आहे. शिष्य वर चढतो तेव्हा खाली गुरू उभा असतो. आत्मरक्षणाचा सारा उपदेश या आधाराच्या अस्तित्वावर उभा आहे. समुपदेशनाच्या शिक्षणात हा बांबू म्हणजे पर्यवेक्षण. अनुभवी व्यक्तीपाशी आपली प्रकरणे, आपले चुकलेले शब्द व आपली घालमेल ठराविक वेळी मांडता येण्याची सोय. त्याच्या जोडीला कामाचे मर्यादित तास, वेळेवर मानधन, निवांत बोलता येईल अशी खोली आणि प्रवासाची व्यवस्था यांचाही विचार करावा लागतो. ज्या शिक्षणक्रमात यांची तजवीज नाही व केवळ श्वासाकडे लक्ष देण्याची दहा मिनिटे आहेत, तेथे ‘स्वकाळजी’ हा शब्द संस्थेची जबाबदारी विद्यार्थिनीच्या खात्यावर लिहिण्याचे साधन बनतो.

भंडाऱ्यात या विचाराचे मोल कळण्यास फार मागे जावे लागत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशूंच्या अतिदक्षता कक्षाला आग लागली. दहा बालके दगावली. सात वाचविता आली. अशा घटनेनंतर मातांच्या शेजारी जाऊन बसणे हे कोणाचे तरी काम असते. ते करणारी स्त्री बहुधा त्याच परिसरातली असते. कदाचित तिच्याही घरी तान्हे मूल असते. त्या मातांपाशी तिला ‘सजगता’ हा शब्द उच्चारता येणार नाही, आणि ‘काळजी करू नका’ हे वाक्य तर क्रूर ठरेल. ‘जीव लागत नाही’, ‘जीव थाऱ्यावर नाही’ असे त्या बोलतील, आणि त्या बोलण्यातील ‘जीव’ हा मन, प्राण व माया या तिन्हींना कवेत घेणारा शब्द तिला अवधान देऊन ऐकावा लागेल. ते ऐकून ती घरी परतेल तेव्हा तिचाही जीव थाऱ्यावर नसेल. त्या संध्याकाळी तिला उपयोगी पडेल ते टिपणातील व्याख्या नव्हे, तर ‘आज काय ऐकलेस, ये, बोल’ असे म्हणणारे दुसरे माणूस.

मानसिक आरोग्याची सेवा जिल्ह्यापर्यंत नेण्याचे धोरण १९९६ च्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमापासून चालत आले आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम २०१७ ने अशी सेवा मिळणे हा नागरिकाचा हक्क मानला, आणि ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या दूरध्वनी सेवेमुळे प्रादेशिक भाषांतून बोलण्याची सोय झाली. हक्क जसा विस्तारेल तशा तो पुरविणाऱ्या स्त्रियाही वाढतील. त्यांच्या शिक्षणाची मराठी परिभाषा अद्याप घट्ट झालेली नाही, म्हणूनच तिच्याकडे आताच लक्ष दिले पाहिजे.

एवंच, समोरच्यासाठी ‘अवधान’, स्वतःविषयी ‘भान’, आणि दोघांसाठी ‘जपणे’ अशी त्रिपदी मराठीत आधीपासून उपलब्ध आहे. ती स्वीकारावी की नाही, हे परिभाषेच्या अभ्यासकांनी व प्रत्यक्ष शिकविणाऱ्यांनी मिळून ठरवावे. परंतु कोणताही शब्द स्वीकारताना एक कसोटी लावावी : तो शब्द ऐकून विद्यार्थिनीच्या मनावर आणखी एक कर्तव्य चढते, की तिच्या हाती मागण्याजोगे काही येते? ‘मला स्वकाळजी शिकवा’ असे म्हणणारी विद्यार्थिनी स्वतःकडेच बोट दाखविते. ‘आम्हांला जपणारे कोण आहे?’ असे विचारणारी विद्यार्थिनी संस्थेला उत्तर देण्यास भाग पाडते. परिभाषेने हा दुसरा प्रश्न विचारणे सुकर केले, तर तिचे काम झाले असे म्हणता येईल.